आवाज करत येणारे भाऊजी

भाऊजी, आता तुमच्याशी हळू बोलता येतं. गेली काही वर्षं नुसतं चहा घेता का एवढं विचारायचं तरी मला घसा ताणावा लागायचा, आणि तुमच्याआधी समोरच्या घरातूनच उत्तर यायचं, "घेतात, घेतात!" आज आपल्याकडे भाजी कसली आहे हे साऱ्या पोंभुर्ण्याला ठाऊक असायचं. मोटरसायकलच्या आवाजानं स्वतःचेच कान घालवून बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यातही तुम्ही लबाड. जेवायची हाक, करीम मिस्त्री आल्याची वर्दी, शेजारच्या पोरीचं लग्न ठरल्याची बातमी, हे सगळं पहिल्या हाकेला ऐकू यायचं. माझा तो एक प्रश्न तेवढा कधी ऐकू यायचा नाही. मी विचारला की तुम्ही उठून गाडी पुसायला जायचे.

आज उठून जाता येणार नाही, तेव्हा बसा आणि ऐका.

घरी माणसं येताहेत. डोळ्याला पदर लावतात, तुमचं नाव घेतात, आणि मी त्यांच्यासोबत रडत नाही म्हणून माझ्याकडे बघत राहतात. खरं सांगू का, मला सुटल्यासारखं वाटतं आहे. हे बाहेर कोणाला सांगायची सोय नाही म्हणून तुम्हालाच सांगते. हिवाळा लागल्यापासून तुम्हाला आडवं होता येत नव्हतं. भिंतीला गोधड्यांची चळत लावून तुम्ही बसून झोपायचे, आणि प्रत्येक श्वास विहिरीतून बादली ओढावी तसा ओढायचे. तो ऐकत मी चुलीपुढे बसायची आणि माझीच छाती दुखायची. त्या दुपारी ताक मागितलंत, अर्धं प्यालात, पेला माझ्या हातात दिलात, डोकं मागे टेकलंत आणि गेलात. तुमचे दादा शाळेतून धावत आले आणि लहान पोरासारखे रडले. धाकटा भाऊ डोळ्यांदेखत गेला, रडणारच. मी मात्र आधी हात जोडले. ओढणं थांबलं होतं, आणि तुमचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही मिसरूड फुटलेले होता आणि देवीची लस टोचायची नोकरी नुकतीच धरली होती. रानातली माणसं तुम्हाला टीकावाला म्हणायची. मला तुमच्या नोकरीचं फार कौतुक होतं, आणि ते का हे माझ्याकडे पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. लहानपणी आमच्या घरी देवी आल्या. माझा पाठचा भाऊ त्यात गेला. मी राहिले, गालावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर खड्डे घेऊन. मला पाहायला आलेल्या तीन घरांनी पोहे खाऊन नकार कळवला होता. तुमचे दादा चौथे, आणि त्यांना जवळचं कमी दिसतं असं मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही किती हसला होता!

मग तुम्ही ती गाडी आणलीत. लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेली, चार हात फिरत नागपूरला आलेली, खाकी रंगाची. लोक सायकलीवर किंवा पायी हिंडायचे तिथं टीकावाला मोटरसायकलवर, म्हणून अख्खं गाव बघायला जमलं. मी म्हटलं, "बायको आणायच्या वयात हे काय आणलं, भाऊजी?" तुम्ही म्हणालात, "वैनी, हे रुसत नाई आन् माहेरी बी जात नाई." माहेरी जात नव्हती हे खरं. रुसायची मात्र दिवसाआड, आणि तुम्ही अंगणात उकिडवे बसून तिची मनधरणी करायचे. तेव्हा तिचा आवाज अगदी मऊ होता. फाटकापाशी आली तरी मला पत्ता लागायचा नाही.

तो मऊपणाच तुम्हाला नडला. आंबेटोला नावाच्या रानातल्या वस्तीच्या वाटेवर सागाच्या झाडीत एक वळण आहे, तिथं धूळ अशी की चाक पीठ मळल्यासारखं चालतं. त्या वळणावरून तुम्ही वळलात आणि समोर टोल्यातली बुधी. तिच्या डोक्यावर सरपणाची मोळी, हाताशी तिची चिमुरडी सोमी. जंगलखात्याच्या रेंजरची गाडी अशीच होती, असल्याच रंगाची, आणि तो लाकूड नेणाऱ्यांना धरायला मुद्दाम गुपचूप यायचा. बुधीनं मोळी टाकली, पोर काखेत मारली आणि सरळ नाल्यात उडी घेतली. हात मोडला. तुम्ही काठावर उभं राहून ओरडलात, "बाई, भेऊ नको, मी रेंजर नोहे, मी टीकावाला हावो." तर ती खालून म्हणते, "मंग तं अजूनच पळीन!" ही गोष्ट तुम्ही पुढे कितीदा हसून सांगितलीत. त्या दिवशी मात्र हसला नव्हता. तुम्ही बांबूच्या कामट्या चिरून तिचा हात बांधलात, गाडी ढकलत तिच्याबरोबर टोल्याच्या शिवेपर्यंत गेलात, आणि घरी येऊन ताट तसंच बाजूला सारलंत.

"वैनी," तुम्ही म्हणालात, "मी चोरावानी गेलो. तिले समजलं नाई का मी येऊन राह्यलो. मले समजलं नाई का पुढं बाई हाये. असं काऊन जावं कोनाच्या गावात?"

मी म्हटलं, "घंटी लावा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही घंटी न लावता बल्लारपूरला गेलात. स्टेशनापलीकडे, कागदाच्या गिरणीच्या वाटेवर, करीम मिस्त्रींची टपरी. गिरणीतल्या माणसांच्या सायकली, ठेकेदारांचे ट्रक, सगळं त्यांच्याकडे यायचं. तुम्ही त्यांना सांगितलंत की सायलेन्सर काढायचा आहे, गाडी दोन कोसांवरून ऐकू आली पाहिजे. करीमभाईंनी विडी तोंडातून काढली. "भाऊ, लोग आवाज कम कराने कू आते. तुम बढाने कू आये?" तुमच्या डोक्याला ऊन लागलं असं त्यांना वाटलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं.

पहिल्या खेपेला त्यांनी सायलेन्सर पुरता काढून टाकला. तुम्ही ती गाडी माझ्या अंगणात आणून सुरू केलीत आणि त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. चुलीतली राख उडून भाताच्या हंड्यात पडली. शेजाऱ्यांच्या बैलानं दावं तोडलं. आपल्या म्हशीनं आठवडाभर पान्हा चोरला. नळीतून जाळ निघून तुमच्या विजारीला भोक पडलं ते वेगळंच. एवढं करून गाडीत जोर राहिला नाही, चढ आला की मान टाकायची. परत बल्लारपूर. करीमभाई म्हणाले, "पूरा नंगा नई करने का, भाऊ. थोडा रोकना पडता, तब्बी ताकत रहती." मग त्यांनी भंगारातल्या जाड पाइपाचा तुकडा घेतला, त्याचं तोंड ठोकून रुंद केलं, आत भोक पाडलेली एक चकती बसवली. त्यातून जो आवाज निघाला तो साऱ्या झाडीत एकच होता. जाड, भरडा, भडाड भडाड, आणि उतारावर हात सैल केला की मधूनच एक फाट्‌! रेंजरची गाडी आणि तुमची गाडी आता दूध पिणारं पोरही वेगळी ओळखू लागलं.

तुमच्या दादांचा वर्ग त्या आवाजानं थांबायचा. पाढे म्हणणारी पोरं खिडकीला लटकायची आणि ते छडी हातात धरून तुमची धूळ खाली बसायची वाट बघायचे. नाक्यावरच्या जमादारानं एकदा तुम्हाला थांबवून विचारलं की हा आवाज कायद्यात बसतो का. तुम्ही म्हणालात, "तुमी ऐकून घेतला ना, मंग बसला." मलाही हळूहळू त्याची सवय झाली. आवाज ऐकला की मी तव्यावर भाकर टाकायची, आणि तुम्ही पाय धुवेपर्यंत ती फुगलेली असायची. एवढ्यापुरतं मी तुमच्या त्या पाइपाचे आभार मानते.

पण भाऊजी, आंबेटोला. तिथं आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत पुरलं.

तुमचा आवाज दोन कोसांवरून ऐकू जायचा, आणि टोचण्याच्या भीतीनं आंबेटोल्याची माणसं तेवढ्या वेळात पोरंबाळं घेऊन रानात जायची. तुम्ही पोचायचे तेव्हा चुली गरम, कोंबड्या मोकळ्या, आणि माणूस औषधाला नाही. तुम्ही झाडाखाली बसायचे, पाणी प्यायचे, लसीच्या नळ्या होत्या तशा परत आणायचे. एक वर्ष झालं, दुसरं झालं. बुधी बाजाराच्या दिवशी आपल्या दाराशी चारोळी घेऊन यायला लागली होती. तो मोडलेला हात वाकडा जुळला होता आणि त्याचा तिला तुमच्यावर राग नव्हता. सोमी माझ्या हातचा गूळ खाऊन जायची. मी बुधीला म्हणायची, "पोरीला टोचून घे ग." ती हो म्हणून मान डोलवायची आणि पुढच्या खेपेला आवाज आला की सगळ्यांच्या पुढे पळायची.

मी तुमच्यावर भडकले. "तुम्ही त्यांना पळायला वेळ देता, भाऊजी!"

"देतोच," तुम्ही म्हणालात.

"पहाटे गुपचूप जा. पोरं झोपलेली असतात तेव्हा धरा आणि टोचा. दोन दिवस रडतील आणि जन्मभर वाचतील."

"कोनाच्या लेकराले झोपेत धरू, वैनी? मंग मी आन् रेंजर एकच झालो ना."

"माझ्या भावाला कोणी झोपेत धरून टोचलं असतं ना, तर आज त्याला पोरं असती."

मग मी तो प्रश्न विचारला, पहिल्यांदा. "समजा त्या भागात देवी आल्या, आणि तरीही ती माणसं बाहेर आली नाहीत. तेव्हा काय कराल?" तुम्ही फडकं उचललंत आणि गाडी पुसायला गेलात. तेव्हा तर तुमचे कान चांगले शाबूत होते.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी नदीपलीकडच्या गावांत देवी आल्याची बातमी आली. पाठोपाठ जीपमधून तुमच्या खात्याचा साहेब आला. त्यानं अंगणात उभ्या उभ्या हुकूम दिला. सायलेन्सर बसवून घ्यायचा, दोन शिपाई बरोबर न्यायचे, पहाटे टोला घेरायचा. आठवड्यात झालं नाही तर तुम्हाला काढून दुसरा माणूस पाठवायचा. तुम्ही हात जोडून "हो साहेब" म्हणालात. साहेबाला तो होकार वाटला. मला तुमची मान बघून कळलं की हा माणूस उद्या आवाज करतच जाणार.

माझ्या डोळ्यांपुढे सोमी होती. बुधी कितीतरी बाजारांना आली नव्हती. मी म्हटलं, "मी येते तुमच्यासोबत." तुमचे दादा चष्मा पुसत म्हणाले, "भावजय दिराच्या मोटरसायकलवर? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "गाडी चालू असेपर्यंत मला काही ऐकू येणार नाही." कानात कापूस, पदर कमरेला घट्ट, मांडीवर मडकं आणि त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या नळ्या. लस उन्हात नासते हे मला तुम्हीच शिकवलं होतं, म्हणून साऱ्या वाटेत मी ते मडकं तान्ह्या पोरासारखं सांभाळलं. माझी हाडं न् हाडं खिळखिळी झाली. त्या दिवशी मला कळलं की तुम्ही संध्याकाळी घरी येऊन गप्प का बसत होता.

आंबेटोल्याच्या शिवेवर वाटेत आडवा दोर होता. रानवेलीचा, त्याला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या. गाव बांधलं होतं. मातेचा प्रकोप आजूबाजूला असला की ही माणसं असं करतात, बाहेरच्यानं आत यायचं नाही, आतल्यानं बाहेर जायचं नाही. पण त्यातही एक बरं होतं, या खेपेला गावाबाहेर जाता येत नाही म्हणून माणसं रानात पळालेली नव्हती. घरांतून धूर दिसत होता. पोरं रडलेली ऐकू येत होती. दोर माझ्या कमरेइतका उंच होता, कोणालाही वाकून जाता आलं असतं.

तुम्ही गाडी बंद केलीत आणि मोहाच्या सावलीला बसलात.

"चला ना," मी म्हटलं.

"गाव बांधलं हाये, वैनी."

"दोर आहे तो, भिंत नव्हे."

"मले मालूम हाये."

मी तुम्हाला काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, आणि आठवतं तेवढंही पुन्हा बोलण्यासारखं नाही. मी बुधीच्या नावानं हाका मारल्या. कोणी आलं नाही. सावली सरकली की तुम्ही मडकं उचलून सावलीत ठेवायचे, फडक्यावर पाणी शिंपडायचे, पुन्हा बसायचे. मध्येच उठून तुम्ही गाडी सुरू केलीत, दोन-चार वेळा जोरात भडाडवलीत, आणि बंद केलीत. मी विचारलं हे कशाला. "मी गेलो नाई, इथीच हाये, हे त्याईले समजलं पायजे." मला तुमचं डोकं फोडावंसं वाटलं. नळ्या तापत होत्या, पलीकडे पोरं रडत होती, आणि हा माणूस आपण इथंच आहोत म्हणून कळवत होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा गावाचं देवाधर्माचं पाहणारा म्हातारा भूमक दोराच्या त्या बाजूला येऊन उभा राहिला.

"जोहार," तुम्ही म्हणालात. "मी टीकावाला."

"ते सकाळीच समजलं. अख्ख्या रानाले समजलं. आत काऊन नाई आला?"

"दोर हाये ना."

"दोराले कोन भेते? मागच्या खेपेले जीपवाले आले, त्याईनं वरून गाडीच घातली."

"मी नाई घालत. मी इथीच बसतो. ज्याले यायचं हाये त्यानं यावं."

म्हाताऱ्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "ह्या बाईले माता येऊन गेली."

"मला येऊन गेली," मी म्हटलं, "आणि माझ्या भावाला घेऊन गेली."

तो परत फिरला. मला वाटलं संपलं. तुमच्याकडे मी पाहिलं नाही, पाहिलं असतं तर भांडले असते.

मग बुधी आली. सोमीचा हात धरून दोरापाशी उभी राहिली आणि तुम्हाला म्हणाली, "तुमी आवाज देत येता. आमी पळतो. तुमी काई न बोलता परत जाता. पुन्हा आवाज देतच येता. थकत नाई का, भाऊ?"

"थकतो ना बाई," तुम्ही म्हणालात. "लई थकतो."

ती हसली. तिनं दोर सोडला नाही, उचलला नाही. सोमीच वाकून खालून आली आणि माझ्या मांडीला बिलगली. तुम्ही तिचा दंड पुसलात, ते गोल दातेरी हत्यार टेकवून फिरवलंत, ती किंचाळली, आणि मी तिला गूळ दिला. तिच्यामागून दुसरी पोर आली, मग एक बाई दोन पोरं घेऊन, मग पोरांची रांगच लागली. मोठी माणसं दोराच्या आत उभी होती आणि लेकरं वाकून बाहेर येत होती. सगळी आली असं नाही. काही घरांची दारं बंदच राहिली. मी म्हटलं, तेवढ्या दारांपाशी जाऊन विचारू तरी. तुम्ही नळ्या गुंडाळायला लागलात. घरी पोचेपर्यंत मी तुमच्या पाठीमागून ओरडत होते, आणि तुमच्या गाडीनं त्यातला एक शब्दही तुमच्यापर्यंत पोचू दिला नाही.

नंतरचे दिवस आठवतात का? देवी आंबेटोल्याच्या शेजारच्या गावापर्यंत आल्या. टोचलेलं उठलं असेल का, लस उन्हानं नासली तर नव्हती ना, उशीर तर झाला नव्हता ना. तुम्ही रोज येऊन जेवायचे, रोज जायचे, आणि आपण दोघांनी सोमीचं नाव काढायचं नाही असं न ठरवताच ठरलं होतं. एका बाजाराच्या दिवशी दाराशी "बाई, चारोळी" अशी हाक आली. बुधी होती, आणि तिच्या पदराआडून सोमी डोकावत होती. मी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. गाल, कपाळ, नाकाचा शेंडा, सगळं गुळगुळीत. मी तिथंच उंबऱ्यात बसून रडले. तुम्ही आतून आलात, पाहिलंत, तिच्या दंडावरचा व्रण बोटानं चाचपलात आणि मागच्या दारानं निघून गेलात. कुठं गेला होतात ते मी कधी विचारलं नाही. डोळे लाल करून परत आला होतात, एवढं पाहिलं.

बंद दारांमागच्यांतलंही कोणी दगावलं नाही. ती मातेची कृपा, की भोवतीच्या साऱ्या लेकरांना टोचलं होतं म्हणून, की नुसतं नशीब, हे मला ठाऊक नाही. तुम्हालाही नव्हतं. साहेब पुन्हा आला तेव्हा सायलेन्सरचं बोलणं निघालंच नाही. पुढच्या वर्षी तुमचा आवाज ऐकून आंबेटोल्याच्या बायका पोरांना धुऊनपुसून झाडाखाली आणून बसवायला लागल्या. तुम्ही जिंकलात असं सगळे म्हणाले.

मी नाही म्हटलं. माझं म्हणणं एकच होतं, बुधी आली म्हणून तुम्ही जिंकलात. ती आली नसती तर? ऊन बुडेपर्यंत तिथं बसून, मडकं उचलून, सोमीला तशीच सोडून तुम्ही परत आला असता का? हा प्रश्न मी तुम्हाला सणावारी विचारला, भांडताना विचारला, हसताना विचारला. तुम्ही गाडी पुसत राहिलात, आणि पुढे कान गेल्यावर तर तुम्हाला निमित्तच मिळालं. तुम्हाला वाढताना कधीकधी माझ्या मनात यायचं की हा भला माणूस आपल्या तत्त्वासाठी ते पोर मरू देणार होता. तसं मनात आलं की माझा हात वाढताना थांबायचा. तुम्हाला ते कळत होतं की नाही, देव जाणे.

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात, सकाळचं ऊन अंगणात आलं होतं, तुमचे दादा शाळेत गेले होते. तुमच्या डाव्या कानाला थोडं ऐकू यायचं, मी त्या बाजूला बसून तुमच्या पायाला तेल चोळत होते. आणि मी पुन्हा विचारलं, बुधी आली नसती तर? या खेपेला ओरडले नाही, का कोण जाणे, साध्या आवाजात विचारलं. तुम्हाला ऐकू आलं.

"ढकलत आलो असतो," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"गाडी. इंजन बंद करून, लांबूनच ढकलत. दुसऱ्याच दिवशी, पहाटे, साहेब म्हने तसाच." श्वास घ्यायला तुम्ही थांबलात. "दोर ओलांडून गेलो असतो, वैनी. सोमीले झोपेतून उचलून टोचलं असतं. मी ते दुपारीच ठरवलं होतं."

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"पन मंग," तुम्ही म्हणालात, "ते गाडी पुन्हा चालू नसती केली. कोन्या तोंडानं आवाज करत गेलो असतो?"

मी तुमचे पाय चोळले, पांघरूण सारखं केलं, आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलं. पीठ मळता मळता माझं अंग इतकं हलकं झालं की मला परातीला धरून बसावं लागलं. इतकी वर्षं मी ज्या माणसाशी भांडत होते तो माझ्याच बाजूचा होता. मला जे इतकं सोपं वाटत होतं ते त्याला सोपं नव्हतं, एवढाच काय तो फरक होता. ते तुम्हाला आधीच सांगता आलं असतं, भाऊजी. पण तुम्ही ते सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं असतं की मग आजच ढकलत जा. तेव्हा गप्प राहिलात तेच ठीक.

तुम्ही गेल्यापासून मी त्या दुपारचाच विचार करते आहे. बुधी आणखी थोडा वेळ घरात बसली असती, तर सोमी वाचलीच असती, ते आता मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खाली मान घालून हिंडला असता, आणि ते का हे मला कधीच कळलं नसतं. मी तर म्हटलं असतं, बरं झालं, शहाणे झाले. त्या दुपारी झाडाखाली बसून मी एका पोरीसाठी जीव मुठीत धरला होता. माझ्याशेजारी दुसरं कोणी बुडायला आलं होतं हे मला दिसलं नव्हतं, आणि बुधीनं त्या दिवशी दोघांना वाचवलं.